अमेरिकेत राहता, पण ‘निवासी’ नाही

समजा, बॉस्टनमधल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन पोस्टडॉक शेजारी शेजारी बसतात. दोघंही पुण्यात पीएच.डी. करून आलेले, दोघांचा व्हिसा जे-वन, पगार वर्षाला ६०,००० डॉलर. ती अमेरिकेत उतरली १५ डिसेंबर २०२३ ला, तो १० जानेवारी २०२४ ला. सगळं वर्ष दोघांच्या पगारपत्रकात तसूभर फरक नव्हता. मात्र जानेवारी २०२५ चा पगार झाला तेव्हा तिच्या पगारातून ७.६५ टक्के जास्तीचे गेलेले, त्याचे मात्र तसेच. वर्षाकाठी हा फरक ४,५९० डॉलरचा होतो. ती तणतणत पगार विभागात जाते आणि तिथला माणूस शांतपणे सांगतो, की चूक काही नाही, तुम्ही आता कराच्या दृष्टीने निवासी झालात.

अवघ्या २६ दिवसांच्या अंतराने आलेल्या दोघांमध्ये एक निवासी आणि एक अनिवासी, हे कसं? दोघं राहतात तर एकाच शहरात, कदाचित एकाच गल्लीत. याचं उत्तर समजलं, की परदेशी संशोधकाच्या करविवरणातली निम्मी गुंतागुंत सुटते. उरलेली निम्मी भारताशी असलेल्या करारात आहे, आणि तिथे खरा पैसा अडकतो.

दिवस मोजायची रीत

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. कर खात्याचा ‘निवासी’ आणि व्हिसा खात्याचा ‘निवासी’ यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. ग्रीन कार्ड मिळालं की माणूस कराच्या दृष्टीने निवासी होतोच. पण ग्रीन कार्ड नसलेलाही होऊ शकतो, आणि बहुतेक संशोधक तसेच होतात.

१९८४ पर्यंत अमेरिकेत हे ठरवायला पक्कं माप नव्हतं. माणसाचा इरादा काय, बस्तान कुठे, हे पाहून ठरवावं लागे आणि वाद होत. त्या वर्षीच्या कायद्याने इरादा बाजूला सारून दिवस मोजायला सांगितलं. नियम असा: चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत असलं पाहिजे, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून बेरीज १८३ झाली पाहिजे. झाली, की तुम्ही निवासी.

एखादा माणूस दर वर्षी १२० दिवस अमेरिकेत राहतो. तिसऱ्या वर्षी त्याची बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. वाचला. दर वर्षी १२२ दिवस राहिला, तर बेरीज बरोबर १८३ आणि तो निवासी. वर्ष इथे जानेवारी ते डिसेंबर असं धरायचं, आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नाही. पुढे या तफावतीचाही त्रास होणार आहे.

या हिशेबाने बॉस्टनचे आपले दोघंही २०२४ मध्येच निवासी व्हायला हवे होते. ते वर्षभर तिथेच तर होते. ते झाले नाहीत, कारण त्यांचे दिवस मोजलेच गेले नाहीत.

हजेरीपटावर नसलेले दिवस

उन्हाळ्यात मामाच्या गावी गेलेलं पोर कधी कधी मामेभावंडांबरोबर तिथल्या शाळेत जाऊन बसतं. गुरुजी त्याला पाढे म्हणायला लावतात, मधल्या सुट्टीत ते खेळतं, पण हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. त्या दिवशीचा पट मोजला तर हे पोर त्यात धरलं जात नाही. जे-वन व्हिसावरच्या संशोधकाची पहिली दोन वर्षं अशीच जातात. तो अमेरिकेत असतो, पगार घेतो, पण १८३ च्या बेरजेत त्याचा एकही दिवस धरत नाहीत.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ही सूट फक्त दिवसांच्या मोजणीतून आहे, करातून नव्हे. अनिवासी संशोधकालाही अमेरिकेत मिळालेल्या पगारावर तिथे कर लागतोच, फक्त त्याचं विवरण वेगळ्या फॉर्मवर जातं.

सूट किती वर्षं? शिक्षक आणि संशोधकांना दोन कॅलेंडर वर्षं. एफ-वन किंवा जे-वन विद्यार्थ्यांना पाच. वर्षाचा एक तुकडा वापरला तरी ते अख्खं वर्ष खर्ची पडतं. आपल्या कोड्याचं उत्तर नेमकं इथे आहे. ती १५ डिसेंबरला उतरली. २०२३ मधले तिचे फक्त १७ दिवस, पण तेवढ्यासाठी सवलतीचं पहिलं वर्ष संपलं. दुसरं २०२४. त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून तिचा प्रत्येक दिवस मोजणीत येतो, २ जुलैला १८३ पूर्ण होतात आणि निवासीपण मागे जाऊन १ जानेवारीपासून लागू होतं. तो १० जानेवारीला आला, म्हणून त्याची दोन वर्षं २०२४ आणि २०२५. त्याची मोजणी सुरू होते २०२६ मध्ये. सुट्टीआधी रुजू व्हावं म्हणून घाई करणाऱ्या संशोधकाने तिकीट काढण्यापूर्वी एवढं तरी पाहावं. डिसेंबरऐवजी जानेवारी चालत असेल, तर हे तीन आठवडे फार महाग पडतात.

महाग पडतात ते त्या ७.६५ टक्क्यांमुळे. त्यातले ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीचे, १.४५ टक्के मेडिकेअरचे. जे-वन संशोधक अनिवासी असेपर्यंत त्याला हे दोन्ही माफ असतात. ही रक्कम म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनची आणि आरोग्यविम्याची वर्गणी. पण तिथलं पेन्शन मिळवायला साधारण दहा वर्षांची नोकरी, म्हणजे ४० तिमाह्या भराव्या लागतात. काही देशांनी अमेरिकेशी करार करून दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजण्याची सोय केली आहे. भारताचा असा करार नाही. त्यामुळे तीन-चार वर्षं काम करून परतलेल्या भारतीय पोस्टडॉकला या कपातीतलं काही परत मिळत नाही. अनिवासी असताना ती चुकून कापली गेली, तर मात्र परत मागता येते: आधी मालकाकडे, तिथे दाद लागली नाही तर फॉर्म ८४३ आणि फॉर्म ८३१६ जोडून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे.

संशोधकांच्या दोन वर्षांना आणखी एक अट आहे. मागच्या सहा कॅलेंडर वर्षांत कोणत्याही दोन वर्षी अशी सूट घेतलेली असेल, तर पुन्हा मिळत नाही. विद्यार्थी म्हणून घेतलेलीही त्यात धरतात. २०१९ ते २०२१ एफ-वनवर मास्टर्स केलं, भारतात परतून नोकरी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये जे-वनवर पुन्हा गेलात, तर विमानातून उतरल्या दिवसापासून मोजणी चालू आणि पहिल्याच पगारातून कपात. एच-वन-बी व्हिसावर आलेल्यांना तर ही सूट मुळातच नाही.

करारातली दोन वर्षं वेगळी

भारत आणि अमेरिकेने १२ सप्टेंबर १९८९ रोजी दुहेरी कर टाळण्याच्या करारावर सह्या केल्या. संशोधकांच्या कामाची त्यातली कलमं दोन.

कलम २१ विद्यार्थ्यांचं. अनिवासी परदेशी माणसाला अमेरिकेत प्रमाणित वजावट मिळत नाही. अमेरिकी नागरिकाला २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. अपवाद फक्त भारतातून आलेल्या विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींचा. वर्षाला ३०,००० डॉलर मिळवणाऱ्या भारतीय पीएच.डी. विद्यार्थ्याचा २०२४ चा केंद्रीय कर या वजावटीमुळे ३,३६८ डॉलरवरून १,६१६ वर येतो. शेजारी बसलेल्या दुसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याला हे मिळत नाही, त्यामुळे त्याचा भरलेला फॉर्म समोर ठेवून आपला भरायला जाऊ नये. आणि पोस्टडॉक विद्यार्थी नसतो, तेव्हा जे-वन संशोधकाने ही वजावट घ्यायची नाही.

संशोधकासाठी आहे कलम २२. भारतातून येऊन अमेरिकेतल्या विद्यापीठात किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवणाऱ्या वा संशोधन करणाऱ्याच्या पगारावर दोन वर्षांपर्यंत तिथला आयकर माफ. ही करातली खरीखुरी माफी आहे, दिवसांच्या मोजणीची नाही. अटी मोजक्या: येण्याच्या लगेच आधी तुम्ही भारताचे निवासी असले पाहिजेत, आणि संशोधन सार्वजनिक हिताचं हवं, एखाद्या कंपनीच्या खासगी फायद्याचं नको. पासपोर्टचा रंग इथे चालत नाही. जर्मनीत पाच वर्षं पीएच.डी. करून थेट बॉस्टनला आलेला भारतीय बहुधा या कलमात बसत नाही, आणि अमेरिकेतच पीएच.डी. करून तिथेच पोस्टडॉक झालेलाही नाही.

इथली दोन वर्षं तारखेने मोजतात, कॅलेंडरने नाही. १५ डिसेंबर २०२३ ला आलेल्या आपल्या पोस्टडॉकची कराराची मुदत १४ डिसेंबर २०२५ ला संपते, तर मोजणीतली सूट ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली. म्हणजे २०२५ मध्ये ती निवासी आहे, ७.६५ टक्के भरते, तरी कराराखाली तिचा आयकर माफ राहू शकतो. पगार विभागातही हे दोन हिशेब एकमेकांत मिसळताना दिसतात.

आता सापळा. काही देशांच्या करारात दोन वर्षं उलटली की माफी तिथून पुढे थांबते. भारताच्या करारात तसं नाही. मुक्काम दोन वर्षांपेक्षा लांबला, तर माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते. दोन वर्षं न भरलेला कर व्याजासह भरायचा आणि जुनी विवरणं दुरुस्त करून पाठवायची. ६०,००० डॉलर पगारावर अनिवासी म्हणून २०२४ चा केंद्रीय कर ८,२५३ डॉलर होतो. दोन वर्षांचा धरा, म्हणजे अंदाज येईल. आणि पोस्टडॉक दोन वर्षांत आटोपतो कुणाचा? पहिलं वर्ष यंत्रं आणि माणसं समजून घेण्यात जातं, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कुठे निकाल हाती लागतात, आणि पेपर निघायच्या आत प्राध्यापक म्हणतात, आणखी एक वर्ष थांब.

माझं स्पष्ट मत आहे, की मुक्काम दोन वर्षांत संपेल याची खात्री नसेल तर सुरुवातीला ही माफी मागूच नये. पगारातून कर कापू द्यावा, विवरण वेळेवर भरावं. खरोखरच दोन वर्षांच्या आत परतलात, तर दुरुस्त विवरण भरून तो कर परत मागता येतो. त्यासाठी मूळ विवरण भरल्यापासून साधारण तीन वर्षं असतात. घेतलेली माफी परत करण्यापेक्षा भरलेला कर परत मागणं कधीही बरं. पहिल्या प्रकारात व्याज तुमच्या अंगावर येतं.

राज्याचा करही विसरू नये. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्निया मात्र हा केंद्रीय करार जुमानत नाही. केंद्रात माफ झालेला पगार तिथे करपात्रच राहतो.

चौकट: कोणता कागद कशाला

फॉर्म ८८४३: ‘माझे दिवस मोजू नका’ हे सांगणारा. कमाई शून्य असली तरी भरायचा. जे-टू व्हिसावरच्या जोडीदाराचा वेगळा आणि पाळण्यातल्या बाळाचाही वेगळा. एकटाच पाठवायचा असेल तर मुदत १५ जून.

फॉर्म १०४०-एनआर: अनिवासींचं विवरण. पगार असेल तर मुदत १५ एप्रिल. यात पती-पत्नीला एकत्र विवरण भरता येत नाही.

फॉर्म १०४०: निवासींचं आणि नागरिकांचं विवरण.

डब्ल्यू-२: मालकाने द्यायचा पगाराचा दाखला. जानेवारीअखेर येतो.

१०४२-एस: करारामुळे माफ झालेल्या पगाराचा आणि फेलोशिपचा दाखला. तो मार्चच्या मध्यापर्यंत येतो. डब्ल्यू-२ हाती पडला म्हणून फेब्रुवारीतच विवरण भरून मोकळं झालेल्यांची इथे पंचाईत होते.

फॉर्म ८२३३: कराराची माफी हवी असेल तर अनिवासी संशोधकाने मालकाकडे द्यायचा.

निवासी झाल्यावर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अनिवासी असताना फॉर्म १०४० भरणं. बाजारातली लोकप्रिय करविवरण सॉफ्टवेअर नागरिकांसाठी बनवलेली असतात. ती व्हिसाबद्दल जेमतेम विचारतात, प्रमाणित वजावट देऊन मोकळी होतात आणि परतावाही मोठा दाखवतात. तो परतावा तुमच्या हक्काचा नसतो. बहुतेक विद्यापीठं अनिवासींसाठी वेगळ्या सॉफ्टवेअरची सोय करतात, ती वापरावी.

निवासी झाल्यावर फॉर्म सोपा होतो, पण आवाका वाढतो. अनिवासी असेपर्यंत अमेरिकेला फक्त अमेरिकेतल्या कमाईशी कर्तव्य असतं. निवासी झालात, की जगात कुठेही मिळालेला पैसा विवरणात येतो. सांगली अर्बनमधली असो की स्टेट बँकेतली, एफडीवरचं व्याज दाखवावं लागतं. भारतात करमुक्त असलेलं एनआरई खात्याचं आणि पीपीएफचं व्याजही अमेरिकेच्या कायद्याला आपोआप करमुक्त वाटत नाही. भारतात कर भरला असेल तर त्याचं श्रेय मिळतं, तेवढा दिलासा.

त्याशिवाय एफबार. भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एका दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ही माहिती अमेरिकेच्या अर्थखात्याला वेगळी कळवायची असते. कर काही लागत नाही, पण न कळवण्याचा दंड जबर आहे. आपल्याकडच्या घरांत हे अगदी सहज घडतं: आईबरोबरचं जॉइंट खातं, बाबांनी ‘असू दे नावावर’ म्हणून केलेली एफडी, शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम. जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम तुमच्या बेरजेत येते, मग त्यातला पैसा तुमचा नसला तरी. भारतीय म्युच्युअल फंडांचा हिशेब तर अमेरिकेत इतका जाचक आहे, की तिसरं वर्ष लागण्यापूर्वी चालू एसआयपीचं काय करायचं हे जाणकाराला विचारून ठरवावं.

इकडचा हिशेब

अमेरिकेने सोडलं म्हणजे भारताने सोडलं, असं नाही. भारताचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि त्या वर्षात १८२ दिवस देशात काढलेला माणूस निवासी ठरतो. एप्रिलपासून मोजलं तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबर. नोकरीसाठी त्याच्या आत देश सोडणारा त्या वर्षी सहसा अनिवासी, नंतर सोडणारा निवासी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही हे १८२ दिवसांचं माप कायम आहे.

बॉस्टनचे आपले दोघंही २०२३-२४ मध्ये भारताचे निवासी ठरतात, कारण दोघंही सप्टेंबरनंतर निघाले. म्हणजे मार्चअखेरपर्यंत मिळालेला अमेरिकेतला पगार भारतातल्या विवरणात दाखवावा लागतो. अमेरिकेत त्यावर कर भरला असेल तर फॉर्म ६७ भरून भारतात त्याचं श्रेय घेता येतं. पण कलम २२ खाली तिथे माफी घेतली असेल, तर श्रेय घ्यायला कर भरलेलाच नाही आणि भारताचा कर पूर्ण लागतो. करारातली माफी अमेरिकेने दिलेली आहे, भारताने नव्हे. ही बाब कळेपर्यंत पुष्कळांची विवरणाची मुदत उलटून गेलेली असते.

एप्रिल २०२४ पासून दोघंही भारतात अनिवासी, आणि त्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेतही अनिवासी. दोन्हीकडे नाव नसलेले हे महिने पूर्णपणे कायदेशीर आहेत. या काळात भारतातला कर फक्त भारतातल्या कमाईवर लागतो. मात्र बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं काम अंगावर येतं, आणि ते करायला आपली माणसं फार टाळाटाळ करतात.

परत येतानाही एक गैरसमज सोबत येतो. ‘परतल्यावर दोन-तीन वर्षं परदेशातलं काही दाखवावं लागत नाही’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती सवलत मिळायला मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या आत असावे लागतात. तीन वर्षांचा पोस्टडॉक दोन्हींत बसत नाही. तो परतल्यावर सरळ सामान्य निवासी होतो. मग बॉस्टनच्या बँकेत बंद न केलेलं खातं आणि विद्यापीठाच्या निवृत्ती योजनेतली शिल्लक विवरणाच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात भरावी लागते. न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून वगळलं आहे. दंड नसला तरी माहिती द्यावीच लागते. आयटीआर-१ मध्ये हा तक्ताच नाही, तेव्हा परदेशात एखादं खातं शिल्लक असेल तर साध्या पगारदारानेही आयटीआर-१ भरू नये, आयटीआर-२ भरावा.